एम्बेडेडमध्ये मास्टर्स करायचंय? आधी बोर्ड, मग पासपोर्ट

दरवर्षी दिवाळी उलटली की माझ्या फोनवर ठरावीक मेसेज सुरू होतात. "ताई, ई अँड टीसीचं शेवटचं वर्ष आहे. एम्बेडेडमध्ये एमएस करायचंय, जर्मनीत. कुठली युनिव्हर्सिटी चांगली?" एम्बेडेड म्हणजे यंत्राच्या पोटात बसवलेला छोटा संगणक, आणि बोर्ड म्हणजे त्याच्या सरावाचं सर्किट. मी उलट विचारते, "तुझ्याकडचं बोर्ड शेवटचं कशामुळे बंद पडलं होतं? चालू कसं केलंस?" निम्मी मुलं इथेच गप्प होतात. हा लेख उरलेल्यांसाठी आहे. गप्प झालेल्यांसाठीही आहे, फक्त त्यांनी बोर्डाच्या पायरीवर जरा जास्त दिवस काढावेत.

मी ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) करून दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि मग फ्रायबुर्गला एम्बेडेड सिस्टिम्स इंजिनिअरिंगचं मास्टर्स केलं. त्यामुळे उदाहरणं बरीचशी जर्मनीची येतील. भारतात राहून शिकायचं असेल तरी पहिल्या दोन पायऱ्या तशाच लागू आहेत.

पायरी १ : आपण नेमकं काय शिकायला चाललोय

बीईला आपण ८०५१ या मायक्रोकंट्रोलरवर एलसीडी जोडतो, त्यावर कॉलेजचं नाव झळकवतो आणि सबमिशन संपतं. मास्टर्सला एलसीडी कुणी विचारत नाही. तिथला प्रश्न वेगळा असतो. ब्रेकचा सेन्सर वाचायचं काम दर वेळी ठरलेल्या मुदतीत पुरं होईल, हे तुम्ही कागदावर सिद्ध करू शकता का? "मी तासभर चालवून बघितलं, चाललं" हे उत्तर तिथे चालत नाही.

एक हिशेब करून बघू. वही-पेन घ्या, मी खरंच सांगतेय. प्रोसेसर एक, कामं दोन. पहिलं काम दर १० मिलिसेकंदांनी येतं आणि ४ मिलिसेकंद खातं. दुसरं दर १४ मिलिसेकंदांनी येतं आणि ७ खातं. प्रत्येकाने पुढची खेप यायच्या आत संपायला हवं. पहिल्याचा भार ४० टक्के, दुसऱ्याचा ५०. एकूण ९० टक्के, म्हणजे दहा टक्के वेळ मोकळा आहे. बसायला हवं ना?

आता नेहमीचा नियम लावा. जे काम जास्त वेळा येतं त्याला कायम वरचा मान. शून्य ते ४ पहिलं चाललं. ४ ते १० दुसरं चाललं, त्याचे ६ मिलिसेकंद झाले, १ उरला. तेवढ्यात दहाव्याला पहिलं परत आलं आणि मान वरचा म्हणून १४पर्यंत बसून राहिलं. चौदाव्याला दुसऱ्याची मुदत संपली, एक मिलिसेकंद काम बाकी. हुकलं. आता नियम बदला. ज्याची मुदत आधी संपते त्याला आधी घ्या. दहाव्या मिलिसेकंदाला दुसऱ्याची मुदत १४, पहिल्याची २०. म्हणून दुसरं आधी ११पर्यंत उरकतं, मग पहिलं १५पर्यंत. दोघंही वेळेत. प्रोसेसर तोच, कामं तीच, फक्त रांगेचा नियम बदलला.

पहिल्या नियमाखाली किती भारापर्यंत निर्धास्त राहता येतं, याचं गणित लिऊ आणि लेलँड या दोघांनी १९७३ साली मांडलं. दोन कामं असतील तर साधारण ८२.८ टक्के, तीन असतील तर ७८, आणि कामं वाढत गेली की हा आकडा ६९.३ टक्क्यांकडे सरकतो. त्याच्या वर गेलात की हुकेलच असं नाही, पण हमी संपली, आता एकेक काम तपासत बसा. असल्या हिशेबात तुम्हाला गंमत वाटली असेल तर पुढे वाचा. कंटाळा आला असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं, कारण मास्टर्सचा मोठा भाग हाच आहे.

हे पुस्तकी नाही. ४ जुलै १९९७ला नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि नंतर त्याचा संगणक मधूनच स्वतःला रीसेट करू लागला. घरातल्या भाषेत सांगायचं तर धाकट्याच्या खिशात कपाटाची किल्ली, थोरल्याला कपाट उघडायचंय, पण मधला धाकट्याला जागचा हलूच देत नाही. थोरला अडला तो मधल्यामुळे, ज्याचा कपाटाशी काडीचा संबंध नाही. यानात हवामानाची माहिती गोळा करणारं काम धाकटं होतं, सगळ्या उपकरणांची देवाणघेवाण सांभाळणारं थोरलं. थोरलं वेळेत संपलं नाही की यंत्रणा सगळंच रीसेट करायची. उपाय असा की किल्ली खिशात आहे तोवर धाकट्याला थोरल्याचा मान द्यायचा. ती सोय ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होतीच, बंद ठेवली होती. पृथ्वीवरून ती चालू केली.

पायरी २ : एक बोर्ड घ्या, आणि एकच घ्या

तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर गेलं की मुलं सेन्सरची पिशवी भरून आणतात. नका आणू. एक न्यूक्लिओ बोर्ड घ्या. एसटीएम३२ एफ४०१ असलेलं मिळालं तर उत्तम. ८४ मेगाहर्ट्झ, ५१२ किलोबाइट फ्लॅश, ९६ किलोबाइट रॅम, आणि मुख्य म्हणजे डीबगर बोर्डावरच. एकेक ओळ थांबवून रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या छोट्या कप्प्यांत, काय आहे ते बघता येतं. अर्डुइनो उनो घरात पडलेलं असेल तर तेही टाकू नका. दोन किलोबाइट रॅमवर काम केलं की काटकसर अंगात मुरते. सोबत स्वस्तातला आठ चॅनेलचा लॉजिक ॲनलायझर (तारांवरचे शून्य-एक दाखवणारं यंत्र) आणि मल्टीमीटर. एवढं सहा महिने पुरतं.

करायचं काय, ते सांगते. तयार लायब्ररी न वापरता टायमर चालवा. डेटाशीट आणि रेफरन्स मॅन्युअल समोर ठेवून रजिस्टरचा एकेक बिट लिहा. यूएआरटीवरून (एकामागून एक बिट पाठवणारी साधी जोडणी) डेटा पाठवा, आधी पोलिंगने (सतत विचारत राहून), मग इंटरप्टने (हातातलं काम थांबवणाऱ्या हाकेने), मग डीएमएने (प्रोसेसरला मधे न घेता). आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर एखादा तापमानाचा सेन्सर वाचा, मग लाइन वर ओढून धरणारा पुल-अप रेझिस्टर मुद्दाम काढून टाका आणि ॲनलायझरवर लाइन वर कशी येत नाही ते डोळ्यांनी बघा. शेवटी फ्रीआरटीओएस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम चढवा. ब्लूटूथ, ॲप, क्लाउड यातलं काही नको.

या वाटेवर जे बग भेटतील तीच तुमची खरी पुंजी. माझी एक सांगते. उनोवर टायमर इंटरप्टमध्ये एक सोळा बिटांचा काउंटर वाढवत होते आणि मेन लूपमध्ये तो वाचत होते. आधी कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्याची सोय) चालू केल्याबरोबर लूप जागचा हलेना. कंपायलरने बघितलं की लूपच्या आत हा व्हेरिएबल कुणी बदलत नाही, म्हणून तो एकदाच रजिस्टरमध्ये घेतला आणि तीच शिळी किंमत पुन्हा पुन्हा तपासत बसला. इंटरप्ट बाहेरून येऊन बदलतो, हे त्याला कुठून कळणार? व्हेरिएबलला व्होलाटाइल लावलं, चालू झालं, मी खूश.

दोन दिवसांनी मधेच एखादा रीडिंग ५११ यायला लागला. २५४, २५५, ५११, २५७. वायर हलवून बघितल्या, पॉवर सप्लाय बदलला, मैत्रिणीने तर बोर्ड बदलायलाच सांगितलं. शेवटी रात्री कागदावर बायनरी मांडली तेव्हा ट्यूब पेटली. हा प्रोसेसर आठ बिटांचा. सोळा बिट वाचायला त्याला दोन खेपा लागतात. काउंटर २५५ असताना त्याने खालचा बाइट उचलला, सगळे एक, म्हणजे २५५. नेमका त्याच क्षणी इंटरप्ट आला आणि काउंटर २५६ झाला, म्हणजे वरचा बाइट १, खालचा ०. मग त्याने वरचा बाइट उचलला, तो १. जोडलं तर २५६ अधिक २५५, पाचशे अकरा. अर्धं जुनं, अर्धं नवं. वाचण्यापुरता इंटरप्ट बंद केला, वाचलं, परत चालू केला. तीन ओळींचं काम, त्यासाठी दोन रात्री गेल्या. पुढे नोकरीच्या एका मुलाखतीत व्होलाटाइलचा अर्थ विचारला, तेव्हा मी व्याख्या सांगितलीच नाही, हीच कथा सांगितली.

अशा दोन-तीन कथा वहीत तारीख घालून लिहून ठेवा. पुढे स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतचं 'मला हे का शिकायचंय' हे पत्र, लिहिताना "लहानपणापासून मला इलेक्ट्रॉनिक्सची आवड होती" असलं काही लिहायची वेळ येणार नाही. ते वाक्य प्रवेश समितीने इतक्यांदा वाचलेलं असतं की त्यांच्या नजरेला ते दिसतही नसावं.

पायरी ३ : कुठे?

आधी स्वतःला विचारा की मास्टर्स हवंय की नोकरी. सहा महिन्यांत हाताला काम हवं असेल तर सी-डॅकचा पीजी डिप्लोमा इन एम्बेडेड सिस्टिम डिझाइन बघा. त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते. ती पदव्युत्तर पदवी नाही, पण पुण्यात फर्मवेअरमध्ये (यंत्राच्या आतला प्रोग्राम लिहिण्याच्या कामात) बसलेले निम्मे ओळखीचे तिथून आलेले दिसतील. यात कमीपणा काही नाही.

भारतात मास्टर्स करायचं तर बहुतेक ठिकाणी गेट ही प्रवेश परीक्षा लागते. ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास, स्कोअर तीन वर्षं चालतो. गेटवर एम.टेक.ला प्रवेश मिळाला की महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळू शकतो, म्हणजे घरी हात पसरायला नको. आयआयटी-एनआयटीत एम्बेडेड बऱ्याचदा व्हीएलएसआय (चिपची रचना), मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सच्या पोटात असतं, नावात दिसत नाही. बिट्स पिलानीत एम.ई. एम्बेडेड सिस्टिम्स नावाने आहे, पुणे विद्यापीठाखाली व्हीएलएसआय अँड एम्बेडेड सिस्टिम्स अशी एम.ई.ची शाखा आहे.

जर्मनीत याच्या उलट. नाव ठळक असतं आणि आत काहीही असू शकतं. म्हणून रँकिंग बाजूला ठेवा आणि मोडूलहांडबुख शोधा. प्रत्येक कोर्सची ही पीडीएफ विद्यापीठाच्या साइटवर असते. प्रत्येक विषयाचा मजकूर, क्रेडिट, आधी काय यायला हवं, परीक्षा लेखी की तोंडी, सगळं त्यात असतं. कंटाळवाणी असते, चहा घेऊन बसा. त्यात तीन गोष्टी बघा. सक्तीचे विषय कोणते, इंग्रजीतले ऐच्छिक विषय खरंच किती, आणि प्रोजेक्ट व लॅबला किती क्रेडिट. इंग्रजी कोर्स म्हणून गेलात आणि हवा तो विषय फक्त जर्मनमध्ये, हे खूप जणांचं होतं.

फ्रायबुर्गची तंत्र शाखा १९९५ची, तशी तरुण. तिथे कॉम्प्युटर सायन्स आणि मायक्रोसिस्टिम्स शेजारी-शेजारी वाढले, म्हणून या कोर्समध्ये एका हाताला सॉफ्टवेअर तपासणीचं तर्कशास्त्र आणि दुसऱ्या हाताला सिलिकॉनवरचे सेन्सर असा मेळ आहे. मला तो आवडला. गाड्यांचीच आवड असेल, कॅन बस (गाडीतल्या यंत्रणा जोडणारी तार) आणि ऑटोसार (गाडीच्या सॉफ्टवेअरचं प्रमाण) करायचं असेल, तर डॉर्टमुंडच्या फाखहोखशूलेसारखी (व्यावहारिक शिक्षणाचं विद्यापीठ) उद्योगाजवळची जागा जास्त पटेल. केमनिट्झच्या तंत्र विद्यापीठात इंग्रजीत एम्बेडेड सिस्टिम्स आहे. नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट आणि आइंडहोवनचे कोर्स उत्तम आहेत, पण युरोपबाहेरच्यांना फी बरीच जास्त पडते.

पायरी ४ : मार्क, कागद, पैसे

जर्मन गुणपद्धत उलटी असते. १ सर्वांत चांगला, ४ म्हणजे काठावर पास. आपला सीजीपीए बदलायला जे सूत्र सगळीकडे वापरतात ते असं. सर्वोच्च गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. सीजीपीए ८.२, सर्वोच्च १०, किमान ४ असेल तर १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १. उत्तर १.९. पण किमान गुण ५ धरले तर तेच २.०८ होतं. कटऑफ २.० असेल तर एवढ्या फरकात अर्ज आत किंवा बाहेर. म्हणून तुमच्या विद्यापीठात उत्तीर्ण व्हायला किमान किती लागतं, हे मार्कशीटवर किंवा वेगळ्या पत्रावर स्पष्ट छापून घ्या.

दुसरी अडचण क्रेडिटची. त्यांना गणित, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स यातली ठरावीक क्रेडिट हवी असतात आणि त्यांचं मोजमाप वेगळं आहे. आपली चार वर्षांची पदवी १६० क्रेडिटची असेल आणि त्यांच्या हिशेबात चार वर्षं म्हणजे २४०, तर ढोबळमानाने दीडपट. शेवटचा निर्णय त्यांचाच. तुम्ही एक तक्ता करून अर्जाला जोडा. आपला विषय, त्यांचा जवळचा विषय, क्रेडिट, अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतलं पान. ती पुस्तिका कॉलेजातून सही-शिक्क्यासह आत्ताच घ्या. पास आऊट झाल्यावर ऑफिसच्या खिडकीत कोण ओळख देतं?

एपीएस प्रमाणपत्र हा भारतीयांसाठीचा वेगळा टप्पा. नोव्हेंबर २०२२पासून विद्यार्थी व्हिसाला ते लागतं. दिल्लीहून तुमची कागदपत्रं तपासून देतात, फी १८,००० रुपये. वेळ किती लागेल हे त्या हंगामातल्या गर्दीवर अवलंबून, म्हणून सातव्या सेमिस्टरलाच कागद जमवायला लागा. अर्ज काही विद्यापीठं स्वतःच्या पोर्टलवर घेतात, काही युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. पंधरा ठिकाणी अर्ज टाकण्यापेक्षा मोडूलहांडबुख वाचलेल्या पाच ठिकाणी टाका.

पैशांचं एकदा घरी बसून बोलून घ्या, आई-बाबांसमोर कागद ठेवून. श्पेरकोंटो नावाच्या बंद खात्यात वर्षाचा खर्च आधीच भरावा लागतो. सप्टेंबर २०२४पासून ती रक्कम ११,९०४ युरो झाली. तिथे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ मिळतात. हा आकडा मधून मधून वाढतो, अर्जाच्या वेळी पुन्हा बघा. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे अर्धसत्य आहे. फ्रायबुर्ग ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे तिथे २०१७च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. डॉर्टमुंडच्या राज्यात ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरचं अंशदान.

पायरी ५ : जर्मन

कोर्स इंग्रजीत, म्हणून जर्मन नको, असं कुणी सांगितलं तर त्याला नोकरी कशी लागली ते विचारा. पुणे-मुंबईत माक्स म्युलर भवन आहे. जाण्याआधी ए२ ही दुसरी पातळी करा, तिथे गेल्यावर थांबू नका.

पायरी ६ : पोहोचल्यावरचं पहिलं सेमिस्टर

हजेरी बहुधा कुणी घेत नाही आणि तिथेच घात होतो. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं काम. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे १८० तास, त्यात वर्गातले तास फार तर साठ. उरलेला अभ्यास तुमचा तुम्ही. सेमिस्टरला ३० क्रेडिट धरली तर ९०० तास होतात. याच्या जोडीला आठवड्याला वीस तासांची नोकरी पहिल्याच सेमिस्टरला धरू नका.

परीक्षेला वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची मुदत असते. कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. दुसरं त्याहून महत्त्वाचं. आपल्याकडे बॅकलॉग राहतो, सुटतो, परत राहतो. तिथे एका विषयाला मोजकेच प्रयत्न असतात. सक्तीच्या विषयात शेवटचाही हुकला तर नाव कमी होऊ शकतं आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. आपल्या कोर्सची परीक्षा नियमावली पहिल्याच आठवड्यात वाचा. सीनियर काय म्हणाला यावर जाऊ नका, नियम मधल्या मधे बदललेले असतात.

दुसऱ्या सेमिस्टरपासून हिवी व्हा, म्हणजे प्राध्यापकांच्या लॅबमध्ये तासांवर काम. पैसे बेताचे, पण यंत्रांना हात लागतो आणि थीसिसचा विषय बहुतेकदा तिथूनच निघतो. परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. थीसिस ३० क्रेडिटचा, सहा महिन्यांचा. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो, तो थीसिसच्या मधेच आठवायला लागतो.

बॅग भरताना बोर्ड आणि ॲनलायझर हँडबॅगेत ठेवा. सुरक्षा तपासणीत विचारतात, "शिकण्याचा बोर्ड" म्हणून शांतपणे सांगा. सोल्डरिंग गन मात्र चेक-इनमध्ये, आणि प्लगचे ॲडॉप्टर दोन घ्या, आपली जाड तीन पिनांची पिन तिथे बसत नाही. कुकर नेऊ नका असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मी नेला. फक्त रिंग आणि शिट्टी जास्तीची घ्या.